ल मॉर्नला निघण्याआधी

प्रिय शिष्योत्तमे,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर मेसेजनेच द्यायला बसलो होतो, पण या वयात अंगठ्याने एवढं टाइप करायचं म्हणजे शिक्षा. म्हणून हे पत्र.

तुझी तक्रार समजली. विंडसर्फिंगच्या क्लासच्या शेवटी शिडं वाळत असताना मी तुम्हा पोरांना मॉरिशसच्या ल मॉर्न किनाऱ्याच्या गोष्टी सांगायचो. तो किनारा तू इंटरनेटवर शोधलास आणि दिसलं काय, तर आकाशात काइटांची (काइटसर्फिंगच्या पतंगांची) दाटी, रिसॉर्टच्या आरामखुर्च्या आणि सुरूच्या झाडांखाली गाड्यांची रांग. त्यावर तू विचारतेस, ‘काका, तशी निवांत जागा आता कुठे उरली आहे? तिथेच जाते.’

उत्तर आधीच देऊन टाकतो. मॉरिशसलाच जा, ल मॉर्नलाच जा, आणि निर्मनुष्य किनारा शोधायचं खूळ डोक्यातून काढून टाक. जगात तसे किनारे फार थोडे आहेत. जे तसे वाटतात, तिथली माणसं बहुतेक वेळा आपल्यालाच दिसलेली नसतात.

मी तिथे पोचलो ते पोटापाण्यासाठी. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंड पडत गेल्या, आणि त्याच दशकात मॉरिशसमध्ये निर्यातीच्या कपड्यांचे कारखाने धडाधड उभे राहत होते. रंगखात्यातलं काम जाणणाऱ्याला तिथे मागणी होती. रविवारी करायचं काय, म्हणून कारखान्यातल्या एका पोराबरोबर त्याच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून दक्षिणेला जायला लागलो. त्या काळचे बोर्ड म्हणजे दरवाजाच्या फळ्या. उचलायला दोघं लागायचे. डोंगराच्या पश्चिमेला हॉटेलं तेव्हाही होती. आम्ही जायचो त्या दक्षिणेच्या बाजूला मात्र कुणी नसायचं, असं आम्हाला वाटायचं. वाटायचं, कारण आम्ही उगवायचो साडेनऊला. कोळी पहाटे जाऊन, मासळी उतरवून, घरी जाऊन झोपलेले असायचे.

सर्फिंगवाल्यांचीही तीच गत. पश्चिम किनाऱ्यावर तामारँ नावाचा उपसागर आहे. तिथे सर्फरच्या डावीकडे फुटत जाणारी एक लांब लाट आहे. 1974 च्या एका सर्फिंग चित्रपटात ती दाखवली, आणि गर्दी होऊ नये म्हणून बेटाचं खरं नाव लपवून ‘संतोषा’ असं टोपणनाव दिलं. वर त्याला ‘विसरलेलं बेट’ म्हटलं. कोण विसरलं होतं? तेव्हा त्या बेटावर आठ लाखांवर माणसं राहत होती. 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला होता, साखरेच्या गिरण्या धुराडी ओकत होत्या, तामारँच्या मिठागरांत बायका डोक्यावरून मीठ वाहत होत्या. नाव लपवून गर्दीही काही थांबली नाही. उलट पुढच्या काही वर्षांत बाहेरचे सर्फर आणि तिथली पोरं यांच्यात त्या लाटेवरून खटके उडायला लागले, आणि त्यात मला तरी दोष तिथल्या पोरांचा वाटत नाही.

ल मॉर्नचा डोंगर याहून जुनी गोष्ट सांगतो, ती माहीत असल्याशिवाय त्याच्या पायथ्याशी बोर्ड उतरवू नकोस. ल मॉर्न ब्राबाँ हा 556 मीटर उंचीचा बसाल्टचा सुळका, बेटाच्या नैऋत्य टोकाला, जवळजवळ समुद्रातच उभा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. तोच काळा कातळ, तशाच तुटलेल्या कडा. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांवरच्या कपारींत लपून राहायचे. 1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले, वरच्यांना वाटलं धरायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून स्वतःला झोकून दिलं. 2008 मध्ये युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. पायथ्याला स्मारक आहे, तिथे जाऊन ये. त्या लोकांना एकांत हवा होता तो जीव वाचवायला. आपल्याला हवा असतो तो फोटोत दुसरं कुणी येऊ नये म्हणून. एवढा फरक लक्षात राहिला की पुढचं सगळं सोपं आहे.

आता पाण्याकडे वळू, कारण तुझा जीव तिथे आहे आणि माझाही.

पहिल्या दिवशी बोर्ड गाडीवरून उतरवू नकोस. सुरूच्या बनात उभी राहा. हो, सुरूच. आपल्या किनाऱ्यांवर लावतात तेच झाड. तिथे त्याला फिलाओ म्हणतात. वारा कमी असला की ते नुसतं कुजबुजतं; शेंड्यांची शिट्टी वाजायला लागली आणि लगूनवर, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतल्या उथळ पाण्यावर, पांढरे तुरे दिसायला लागले की 5 चौरस मीटरच्या आसपासचं शीड बाहेर काढायचं. मग पाण्याचे रंग बघ. पायाशी फिकट हिरवं पाणी, कंबर-छातीइतकं खोल. त्यात तपकिरी डाग दिसतील. ती प्रवाळाची डोकी किंवा समुद्री गवत, आणि बोर्डाखालचं तुझं फिन त्यांच्यावर आपटायला टपलेलं. त्यापुढे फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, ती रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत. तिच्यापलीकडे एकदम गडद निळं. ही पांढरी रेघ सलग नसते. मध्येच एखाद्या ठिकाणी ती तुटते आणि निळं पाणी आत शिरलेलं दिसतं. लाट नाही, फेस नाही, सगळं कसं शांत. त्या तोंडाला तिथे ‘पास’ म्हणतात.

नवखा माणूस नेमका त्या शांत दिसणाऱ्या वाटेने बाहेर जातो आणि त्याच वाटेने परत यायला बघतो. जाणं सोपं आहे. येणं नाही. का, ते नीट समजून घे, कारण इथे आपलं कोकणातलं शहाणपण उलटं पडतं.

आपल्याकडे खाडीच्या मुखाशी ओढ कधी लागेल हे पंचांगावरून कळतं. उधाण असेल, ओहोटी लागली असेल, तर खाडी रिकामी होताना पाणी बाहेर धावतं. भांगाच्या दिवसांत जोर कमी. मालवणच्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर. तिथले लोक भरतीचं वेळापत्रक बघतात, पण त्यावर विसंबून राहत नाहीत. पासमधली ओढ तिथे ठरवते ती मुख्यतः लाट. रीफवर फुटणारी प्रत्येक लाट काही पाणी रीफवरून लगूनमध्ये ढकलते. ते पाणी लगूनमध्ये साचतं, त्याला बाहेर पडायला रस्ता एकच, तो म्हणजे पास. म्हणून लाट जितकी मोठी, तितकी पासची ओढ जोरात, मग वर भरती असो की ओहोटी. ज्या दिवशी बाहेरची लाट बघून तुझ्या तोंडाला पाणी सुटेल, नेमक्या त्याच दिवशी परतीची वाट सर्वांत कठीण असेल.

आणि त्या लाटा येतात कुठून? दक्षिणेकडच्या महासागरातून, चाळीस-पन्नास अक्षांशांवरच्या वादळांतून. सोळा सेकंदांचा पिरियड (दोन लाटांमधला वेळ) असलेला स्वेल, म्हणजे दुरून येणाऱ्या लाटांची रांग, खोल पाण्यात दिवसाला हजारभर किलोमीटर कापतो. म्हणजे तीन हजार किलोमीटरवर आज उठलेलं वादळ तिसऱ्या दिवशी तुझ्या पुढ्यात. अशा स्वेलची तरंगलांबी सुमारे 400 मीटर. तिच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे 200 मीटरवर, लाटेला तळ जाणवायला लागतो. कोकणासमोर तेवढी खोली गाठायला शंभर किलोमीटर आणि मुंबईसमोर त्याहून कितीतरी लांब जावं लागतं. एवढ्या लांबवर तळाशी घासत आलेली लाट आपल्या किनाऱ्यावर दमून येते. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, कडेलाच खोल समुद्र. लाटेला दमायला जागाच मिळत नाही. ती खोल पाण्यातून थेट रीफवर चढते. आपल्याकडे जी लाट बघून तू ‘छाती एवढी’ म्हणतेस, तेवढ्याच उंचीची तिथली लाट तुला वेगळ्याच दमाने धरेल. पहिले काही दिवस लहान रीफवर काढ आणि हे अंगाला कळू दे.

वाऱ्याचं सांगतो, हा माझा आवडता भाग. मे ते ऑक्टोबर तिथे आग्नेय व्यापारी वारे लागतात. मॉरिशस, रेयुनियन आणि रॉड्रिग्ज या बेटांना मास्करीन बेटं म्हणतात. त्यांच्या दक्षिणेला तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा तयार होतो, हवामानशास्त्रात त्यालाही मास्करीनचंच नाव आहे. तिथून निघालेला वारा ल मॉर्नला घासून वर सरकतो, विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतो आणि नैऋत्येकडून आपल्याकडे पाऊस घेऊन येतो. जूनमध्ये आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, मासेमारी बंद असते, आणि आपला क्लासही बंद असतो. तेव्हा तोच वारा तिथे तुला शीड भरून मिळेल. त्यामुळे मान्सूनमध्ये सुट्टी काढ. उसाला तुरे आलेले असतात त्या दिवसांत, सगळं बेट रुपेरी दिसतं. हिवाळ्यात पाणी 22-24 अंशांच्या आसपास असतं. थंडी पाण्यापेक्षा वाऱ्याची वाजते, पातळ वेटसूट ने.

पण हा वारा सरळ नाही. वाटेत 556 मीटरचा डोंगर आहे. त्याच्या दोन्ही अंगांनी वारा दाबून, वाकून जातो, म्हणून टोकाशी तो बाकी बेटापेक्षा जोरकस. डोंगराच्या आडोशाला गेलीस की मात्र एकदम हवेचा खड्डा, आणि त्या खड्ड्यातून बाहेर पडता पडता असा झोत येईल की हार्नेससकट (शिडाला अडकवायच्या कमरेच्या पट्ट्यासकट) उचलून टाकील. तुझी सवय आहे दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची: बाराला उठतो, चारपर्यंत भरतो, सूर्याबरोबर बसतो. आपला वारा सभ्य आहे. तो मतलई होऊन उलटा वाहायला लागतो तेव्हा तू घरी जेवत असतेस. तिथे पहाटे थोडा मंदावला तरी दिवसच्या दिवस वारा पडत नाही. त्यामुळे ‘थोडं थांबू, कमी होईल’ हा विचार कामाचा नाही.

ल मॉर्नच्या लाटांपैकी नाव तुला ठाऊक असेल ते ‘वन आय’चं. डोंगराच्या कड्यात एक भोक आहे, डोळ्यासारखं. पाण्यात योग्य जागी बसलीस तरच तो डोळा दिसतो, म्हणून लाटेला ते नाव पडलं. दोन खुणा एका रेषेत धरून समुद्रात जागा नक्की करायची ही आपल्या कोळ्यांचीच रीत. लाट डावीकडची, झपाट्याने फुटणारी, खाली धारदार उथळ प्रवाळ. सर्फर म्हणून ती तुला अजून झेपणार नाही. विंडसर्फर म्हणून कदाचित झेपेल, कारण वारा किंचित जमिनीकडून तिरका येतो आणि लाट वाऱ्याच्या दिशेने फुटत जाते, त्यामुळे वेग आयता मिळतो. ‘मानावा’ त्याहून बाहेर आहे, मोठी पण जरा दिलदार लाट. चूक झाली तर सुधारायला वेळ देते. माझा कल तू मानावापासून सुरुवात करावीस असा आहे. तिथले लोक कदाचित वेगळं सांगतील, तर त्यांचं ऐक.

आणि आता तुझ्या एकांताबद्दल. तो तुला मिळणार आहे. रीफच्या पलीकडे गेलीस, मास्ट (शिडाची काठी) बोर्डाला जोडणारा रबरी जॉइंट तुटला, शीड पाण्यात पडलं आणि मागे वळून बघितलंस, की किनाऱ्यावरची हॉटेलं, गाड्या, दीडशे काइट, सगळं काही उपयोगाचं उरत नाही. वारा तिरका बाहेर ढकलतोय, पासची ओढही बाहेरच, आणि पश्चिमेला नुसता हिंदी महासागर. ल मॉर्नला खरा निर्मनुष्य भाग एवढाच आहे, आणि आपल्या धंद्यात तो महाग पडतो. तेव्हा किनाऱ्यावर गर्दी दिसली तर नाक मुरडू नकोस. त्यातलाच एखादा तुला बाहेर जाताना मोजतो आणि परत आली नाहीस की बोटवाल्याला हाक मारतो.

पाण्यात उतरण्याआधी मास्टचा जॉइंट हातात घे. दोन्ही अंगठ्यांनी रबर काटकोनात वाकव आणि उजेडाकडे धर. बोर्डावर बसवलेल्या बाजूला, जिथे रबर धातूत शिरतं, तिथे केसाएवढ्या पांढुरक्या रेघा दिसल्या तर तो जॉइंट गेला. तो आज तुटणार नाही कदाचित, पण तुटेल तो लाटेवरच, कारण सगळा भार तिथेच येतो. सुरक्षिततेची बारीक दोरी जॉइंटच्या दोन टोकांना बांधलेली असते, तिची गाठ रोज ओढून बघ; खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने ती कुजते आणि वरून धडधाकट दिसते. हार्नेसच्या हुकाला एक शिट्टी, खिशात चार मीटर दोरी. एवढं सामान कुणाला जड होत नाही.

तुटलंच तर डोकं शांत ठेवून क्रम लक्षात ठेव. बोर्ड सोडायचा नाही, कधीच नाही. तोच तुझा तराफा आणि तोच दुरून दिसतो. रिग, म्हणजे मास्टसकट शीड, वाचवण्यासाठी ठरावीक वेळ द्यायची, मनात दोनशे आकडे मोजेपर्यंत, मग सोडून द्यायची. शिडाची किंमत आठवून लोक तिला धरून बसतात आणि तेवढ्यात अर्धा किलोमीटर बाहेर जातात. मग पोटावर पालथी पडून हातांनी वल्हवायचं, पण पासच्या तोंडाकडे नाही. पास टाळून, ओढीला आडवं जात, जिथे पांढरा फेस रीफवरून आत येतोय त्या बाजूला. दिसायला हे उलटं वाटतं. मोकळी वाट सोडून फेसाकडे कशाला जायचं? कारण फेस आत ढकलतो. रीफवर खरचटेल, पायाला सी-अर्चिनचे (समुद्रातल्या काटेरी गोळ्यांचे) काटे टोचतील, बोर्डाला भोक पडेल. पडू दे. सपाट पडून राहायचं, पाय खाली सोडायचे नाहीत.

अजून एक. पहाटे, वारा भरायच्या आधी, रीफवर सर्फर असतात. तास-दीड तास त्यांचा. दहाच्या सुमारास वारा चढला की ते निघतात आणि आपण उतरतो. कुठेही पाटी लावलेली नाही, पण सगळे पाळतात. तू दोन्ही करणारी, त्यामुळे तुला दोन्ही वेळा जावंसं वाटेल. जा, पण सर्फर अजून पाण्यात असताना शीड घेऊन त्यांच्यात घुसू नकोस. लाटेच्या फुटणाऱ्या टोकाशी जो सर्वांत जवळ, लाट त्याची. वाऱ्यामुळे आपल्याला दुरूनच लाट पकडता येते आणि मग पंचवीस मिनिटं एका जागी वाट बघत बसलेल्या माणसाच्या तोंडचा घास आपण पळवतो. तामारँला तर पहिले दोन दिवस कडेला बसून नुसतं बघ, कोण कुणाला हाक मारतं, कोण पहिल्यांदा जातं. मग एखाद्याला ‘बोंझूर’ म्हण. हे फ्रेंच बेट नाही, घरात बहुतेक सगळे क्रिओल ही तिथली बोली बोलतात, पण तेवढ्याने सुरुवात होते.

राहायला हॉटेलात जाऊ नकोस. ला गोलेत गावात खोल्या मिळतात, तिथून ल मॉर्न हाकेच्या अंतरावर आहे. समुद्रकिनाऱ्याची जमीन तिथे फ्रेंच काळापासून सरकारी आहे, भरतीच्या रेषेपासून 81.21 मीटरचा पट्टा. हा विचित्र आकडा जुन्या फ्रेंच फुटांतला 250. तोच पट्टा भाडेपट्ट्याने हॉटेलांना गेला. वाळू मात्र सगळ्यांची, त्यामुळे कुणी हुसकावलं तर नम्रपणे उभी राहा.

आता घरच्यासारखी गोष्ट. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, ऐन वाऱ्याच्या मोसमात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तिथला पहिला गणपती 1896 मध्ये हेनरिएटा गावात एका मराठी कुटुंबाने बसवला असं सांगतात. 1834 पासून ब्रिटिशांनी गिरमिट्या मजूर न्यायला सुरुवात केली, त्यात मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा भागातले लोकही गेले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्यांवर ते उतरले. तो घाटही 2006 पासून जागतिक वारसा आहे. कारकुनांनी नोंदवलेलं पणजोबाचं पहिलं नाव आज त्या घरांचं आडनाव झालं आहे. पश्चिमेला कास्काव्हेल गावात मराठी वस्ती आहे, ल मॉर्नहून परतताना वाटेवर वळता येतं. माझ्याबरोबर पिकअपमध्ये यायचा तो पोरगा अशाच घरातला. घरी क्रिओल, कारखान्यात फ्रेंच, आणि आरती मात्र खड्या आवाजात मराठीत, जोडाक्षर न गाळता. मी मराठीत बोललो की तो गालात हसायचा आणि क्रिओलमध्ये उत्तर द्यायचा. तू गेलीस की तिथल्या मराठी लोकांनी तुझ्याशी मराठीत बोलावं, कोकणची चौकशी करावी, अशी अपेक्षा ठेवू नकोस. ते मॉरिशियन आहेत. बोलावलं तर जा, प्रसाद घे, भांडी घासायला लाग.

हे का सांगतो? कारण किनारा ज्यांचा आहे तेच तो राखतात, आपण राखत नाही. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं मोठं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याला पॉइंट देस्नीजवळ रीफवर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडलं. कुणी येईल म्हणून लोक थांबले नाहीत. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात उसाचं पाचट कोंबलं, रिकाम्या बाटल्या बांधून त्या तरंगत्या केल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. पाचट! आपल्याकडे शेतात पेटवून देतात ते. शाळेतली पोरं, म्हाताऱ्या बायका, सगळे गुडघाभर काळ्या पाण्यात. त्या वेळी जगभरच्या सर्फरांनी त्या ‘विसरलेल्या’ बेटाबद्दल हळहळ व्यक्त केली, फोटो टाकले. ठीक आहे, तेही केलं पाहिजे. पण पिशव्या शिवल्या त्या गावांनी.

तू विचारलं आहेस की लोकेशन टाकू की नको. माझं मत असं की लपवण्यात फारसा अर्थ उरलेला नाही आणि मिरवण्यातही नाही. फोटो टाक, पण पास कुठे आहे, ओढ कशी आहे, हेही त्याच्याबरोबर लिही. नुसत्या निळ्या पाण्याच्या फोटोवर भाळून कुणी बुडालं तर त्या फोटोला उत्तर देता येणार नाही.

आणि वही ठेव. फोनमध्ये नाही, वहीत. रोज संध्याकाळी स्वेलची दिशा आणि पिरियड, वाऱ्याचा जोर सकाळचा आणि दुपारचा, कुठलं शीड लावलं, पासची ओढ कशी होती, कोळी काय म्हणाला. लाटेची उंची लिहिताना जरा हात आखडता घे. आठवणीत लाट दर वर्षी अर्ध्या फुटाने वाढते, माझ्या कितीतरी लाटा आता नारळाच्या झाडाएवढ्या झाल्या आहेत. दिशा आणि पिरियड मात्र वाढत नाहीत. माझ्या जुन्या वह्यांत सप्टेंबरची पानं सर्वांत उपयोगी निघाली, कारण तेव्हा वारा थोडा उत्तरेकडे सरकला की वन आयची लाट बिघडते आणि मानावा सुधारते. हे अजून तसंच आहे का, ते तू तिथे गेल्यावर मला सांगायचं आहेस.

तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला फोन करून बोर्डाच्या बॅगची लांबी आणि वजन लेखी मागून घे. काउंटरवरचा माणूस फोनवरचं काही मानत नाही. मास्ट दोन तुकड्यांचा ने. फिन आणि जॉइंट हातातल्या बॅगेत घेऊ नकोस, सिक्युरिटीवाले फिनला हत्यार समजतात. जादा जॉइंट माझ्याकडे नवा पडून आहे, पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा. येताना आईला सांगून कुळथाचं पीठ आण, आमचं संपलं आहे.

तुझा,
काका